शेऱ्याचा रकाना

कातळवाडी, ता. रत्नागिरी
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय आरोही,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असतंस तर बहुतेक फोडलंच नसतंस. चार वर्षांत हात कीबोर्डला सरावला आणि अक्षर बिघडलं, त्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला. मी मैना.

जूनपासून घरी आहे. हिमालयातला हिमनदीचा प्रकल्प मार्चमध्ये संपला आणि त्याबरोबर मीही संपले. प्रकल्पावरच्या माणसांचं काय होतं हे तुला सांगायला नको. तू मात्र आता त्यातून सुटायच्या बेतात आहेस असं ऐकते. बर्गनच्या विद्यापीठातल्या कायमच्या जागेसाठी शेवटच्या तिघांत तुझं नाव आहे म्हणे. ऐकून बरं वाटलं. म्हणजे आधी पोटात दुखलं, मग बरं वाटलं.

मी रत्नागिरीत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. सकाळी सातची एस्टी, दुपारी दोनची परत. मुलांना परीक्षेत काय येणार एवढंच हवं असतं. परवा एकीला सांगितलं की सड्याच्या पठारावर पडलेलं पाणी कातळाच्या भेगांतून कसं खाली जातं ते मी अकरा वर्षं मोजलंय. ती म्हणाली, "मॅडम, हे किती मार्कांना?"

बाबांचा डावा डोळा काचबिंदूने गेला. उजव्याला उजेड-अंधार कळतो. तीस वर्षं गावाचं टपाल वाटलेला माणूस, अजून पाकीट तळहातावर धरून वजन सांगतो. मी लिहायला बसले तर म्हणाले, "कोनाला लिवतंस? गुहागरच्या पोरीला? मंग जाडा कागद घेव नको, तिकिटा वाढतील." तुझं नाव त्यांना आठवतं, पण ते तुला गुहागरचीच म्हणतात.

दोन विनंत्या आहेत. एक, २०११ साली आपण आमच्या विहिरीवर मापाची खूण म्हणून लाल बाण रंगवला होता, त्याचे फोटो तुझ्याकडे असतील तर पाठव. आपल्या संशोधनाच्या पेपरातली सात नंबरची विहीर. दुसरी, उत्तर कागदावरच दे. ईमेल नको. स्क्रीनचा कंटाळा आलाय असं समज.

तुझी,
मैना

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आरोही,

उत्तराची वाट पाहायला हवी होती. पत्र पोचायला तीन आठवडे लागतात हे टपालवाल्याच्या मुलीला सांगावं लागू नये. पण मला आता पोटात ठेववत नाही.

आज सोमवार, मापाचा दिवस. इतकी वर्षं दर सोमवारी विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली बाबाच मोजायचे. बाबांना दिसत नाही म्हणून दोर मी घेतला. पंप बसवल्यापासून विहिरीवर पाणी भरायला कुणी जात नाही. खाली उतरायची पायवाट झाडोऱ्यात बुजली होती. मी काठाशी उभी राहिले आणि मला काहीतरी खटकलं. काठ माझ्या छातीला लागत होता. आरोही, तो कंबरेला लागायचा. त्यावर बसून बाबांसकट आपण तिघांनी फणसाचे गरे खाल्ले होते.

आधी वाटलं आपणच खचलो. मग विळ्याने शेवाळ खरवडलं. वरून तीन थर खाली आपला लाल बाण सापडला. फिका झालाय, पण आहे. त्याच्यावर चिऱ्यांचे तीन नवे थर, आणि सगळ्यात वरच्या चिऱ्यावर दुसरा बाण, हिरव्या ऑइलपेंटचा, थोडा वाकडा. पट्टी लावली. सिमेंट धरून सत्तावन्न सेंटिमीटर.

आपल्या पेपरात पाणी किती खाली गेलं आहे ते तुला पाठ असेल. सत्तर. त्यातले सत्तावन्न चिऱ्यांचे आहेत. पाणी जवळजवळ होतं तिथेच आहे. काठ वर गेला, आणि आपण काठापासून मोजत होतो.

उरलेल्या दहा विहिरींचं माप जेमतेम तीन-तीन वर्षांचं. तुझं मॉडेल उभं आहे ते सातवर. कातळाला पाणी मुरवायला वेळ मिळत नाही, मोठा पाऊस नुसता वाहून जातो, हे सगळं तू तिच्या अकरा वर्षांवरून काढलंस. खोटं असेल असं नाही. पण आता आपल्याला ते माहीत आहे असं म्हणता येणार नाही.

आठवतं, तू विचारलं होतंस? पुण्याच्या त्या संस्थेतल्या खोलीत, रत्नागिरी जिल्ह्याच्या आपण दोघीच. आलेखावर बोट ठेवून म्हणालीस, "मैना, २०१९च्या मेमध्ये ही पायरी कसली?" मी म्हटलं, त्या वर्षी पाऊस लांबला आणि वरच्या वाडीत दोन बोअर पडल्या. तू म्हणालीस, "नक्की ना?" मी म्हटलं, माझ्या घरची विहीर आहे, मला विचारतेस? दुसऱ्या कुणाची विहीर असती तर मी जाऊन पाहिलं असतं. गावात काठ वाढवतात, कडेने पाळ बांधतात, रहाट काढून पंप लावतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. बाहेरच्या कुणी ही चूक केली असती तर आपण दोघी मनसोक्त हसलो असतो.

आणि पेपरावर नावांचा क्रम लागला तेव्हा भांडले मीच. विहिरी माझ्या, पाय माझे तुटले आणि पहिलं नाव तुझं. तू म्हणालीस दोर सोडणं म्हणजे संशोधन नव्हे. ते मला लागलं होतं, अजून लागतं. पण आज ते आधी आठवलं नाही. आधी आठवली तुझी मुलाखत.

ईमेल नको म्हटलं त्याचं खरं कारण हे. २०१९ची ती पायरी घरी आल्यापासून मनात डाचत होती, म्हणूनच बाणाचे फोटो मागितले. ईमेल पुढे पाठवता येतो. कोणाला कधी कळलं याचा तो पुरावा होतो. मी घाबरले होते, स्वतःसाठी. तुझ्यासाठी घाबरले असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं.

काय करायचं ते लिही. कागदावरच लिही.

मैना

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आरोही,

उत्तर नाही. रोज एस्टीतून उतरले की पोस्टाच्या खिडकीशी जाते. तिथला नवा माणूस मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो.

बाबांना सांगितलं. महिनाभर टाळत होते. त्यांना वाटतं त्यांची विहीर परदेशातल्या पुस्तकात छापून आली आहे. शेजारच्या हौसाकाकींनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की त्या आता विहिरीला 'तुमची फारीनची बाव' म्हणतात. मी सांगितलं तेव्हा ते ओटीवर सुपाऱ्या चाचपून निवडत होते.

म्हणाले, "मंजे माजा माप चुकला?"

"नाय बाबा. माप बरोबर. काठ वर गेला ता मना म्हायती नव्हता."

"तू लिवून दिलंवतास. काठाच्या सगळ्यात वरच्या कडेवरना माप घेयाचा. मी वरच्या कडेवरनाच घेतला."

खरं आहे. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात तसं लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून.

मग काठ का वाढवला ते निघालं. आई २०१८च्या पावसाळ्यात गेली, तुला कळवलं होतं. त्यानंतर ते एकटेच. डोळा तेव्हापासूनच अधू होत होता, मला म्हणाले नाहीत. एका सोमवारी दोर सोडताना वाकले, चक्कर आली, चष्मा विहिरीत गेला आणि चष्म्यामागून तेही जायचे, रहाटाच्या खांबाला हात लागला म्हणून वाचले. दुसरा कुणी असता तर माप बंद केलं असतं. यांनी गवंडी बोलावून काठ छातीपर्यंत घेतला, म्हणजे टेकून मोजता येईल.

मी म्हटलं, "मना सांगायचा तरी."

त्यांनी हातातली सुपारी चाचपून बाजूला टाकली. म्हणाले, "लिवलाय मी. शेऱ्यात बग."

वह्या फडताळात होत्या, सहा. तुला ती वही आठवत असेल, तारीख, वेळ, खोली, शेरा असे रकाने मीच आखून दिले होते. पहिल्या दोन वर्षांत ते पूर्ण पानांचे फोटो पाठवायचे. शेऱ्यात काहीही असायचं. तांबडी गाय व्यायली. पोफळीला रोग. विहिरीत कासव दिसले, गुहागरच्या पोरीस सांगावे. मला ते वाचत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी फोनवर सांगितलं, बाबा, शेरे नकोत, फक्त आकडा पाठव. तेव्हापासून फक्त आकडा यायचा. शेरे ते लिहीतच राहिले होते, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

जसं आहे तसं उतरवते:

२७ मे २०१९. काठ तीन थर वर केला. माप आजपासून वरून. मैनास कळवणे.

३ जून. मैनास कळवणे.

१० जून. फोन केला. आकडा सांगितला. मैना कामात. कळवणे.

१७ जून. पाऊस बरा.

दहा जूनचा तो फोन मला आठवतो, आरोही. मी बेस कॅम्पवर होते, नेटवर्क येऊन-जाऊन होतं, अर्ज भरायची शेवटची तारीख होती. ते म्हणाले, "मैना, आनी येक..." मी म्हटलं, बाबा, आकडा कळला, ठेवते.

आणखी एक. पेपरातल्या तक्त्यात प्रत्येक विहिरीपुढे 'मापाच्या जागेची वार्षिक पाहणी' असा रकाना आहे. सातपुढे २०१९ ते २०२१, तिन्ही वर्षी बरोबरची खूण आहे. ती मी केली. त्या तीन वर्षांत मी तीनदा घरी आले, गणपतीला, दोन-दोन दिवस, लॅपटॉप घेऊन. ओटीपासून विहीर पन्नास पावलं. गेले नाही. हे तुलाही माहीत नव्हतं. आता आहे.

तू अजून गप्प का आहेस ते मला समजतंय असं वाटतं. मुलाखत डिसेंबरात आहे ना?

मैना

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

आरोही,

पाच आठवडे थांबले. आज सकाळी नियतकालिकाच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं, माझ्या एकटीच्या सहीने. विहीर क्रमांक सात, काठ, सत्तावन्न सेंटिमीटर, सगळं दिलंय. तुझ्या मुलाखतीआधी की नंतर, हा हिशेब मी करणार नाही. तो तू करतेयस असं दिसतंय.

बाबांना मराठीत वाचून दाखवलं. म्हणाले, "झ्याक लिवलास."

मैना

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

आरोही,

शनिवारी खिडकीतल्या माणसाने लांबून मान हलवली नाही, हात वर केला. तुझं पत्र. त्यावर २७ ऑक्टोबरची तारीख.

मी ते तिथेच बाकावर बसून वाचलं आणि एस्टी चुकवली. तू लिहिलंस तेच पुन्हा लिहिते, कारण मला ते स्वतःच्या हाताने लिहून बघायचंय:

'तू सांगितलंस म्हणून कागदावर लिहितेय, नाहीतर ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच दिवशी फोन केला असता. विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं आणि तो पेपर अर्जातून काढून घेतला. त्यानंतर अर्जात फारसं काही उरलं नाही, त्यामुळे मुलाखतीची चिंता मिटली. दुरुस्ती आपण दोघींनी मिळून लिहू. एकटी पाठवू नकोस. मी आताच सांगून ठेवते, कारण तू पाठवशील. आणि या वेळी काकांचं नाव घालू. मागच्या वेळी आपण त्यांना आभारात 'स्थानिक निरीक्षक' म्हटलं होतं, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. दोर सोडण्याबद्दल मी जे बोलले ते मागे घेते. इथे सारखा पाऊस असतो, आपल्याकडच्यासारखा, फक्त थंड. मी बर्फाखालचं पाणी मोजते पण ते मी कधी पाहिलेलं नाही.'

म्हणजे मी बारा तारखेला तुझ्यावर जे लिहिलं, तेव्हा तू पंधरा दिवसांपूर्वीच त्या जागेवर पाणी सोडून मोकळी झाली होतीस. आणि मला ते कळायला उशीर झाला, कारण कागदावर लिही असा हट्ट माझाच होता. कोणी दुसरं सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बरी खोड मोडली.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी अजून एक लपवलंय.

संपादकांना पाठवलेल्या पत्रात पाहणीच्या खुणा कशा आल्या हे सांगावं लागणार होतं. मी त्या खोट्या केल्या असं लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. कॉलेजात जागा निघणार आहे, माझं नाव पुढे आहे, वय शेवटच्या मर्यादेला आहे. शेवटी मी असं लिहिलं: 'काठाची उंची वाढवल्याचे स्थानिक निरीक्षकाने संशोधकांना कळवले नाही.'

ते इंग्रजीत किती सहज लिहून होतं. त्यात मी कुठे आहे ते कळतही नाही. 'स्थानिक निरीक्षक' शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत होते.

आणि वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. त्यांना दिसत नाही, इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, झ्याक लिवलास.

फोटो मिळाला. बाबा काठावर बसलेले, डोळ्यांवर हात धरून, तेव्हा दोन्ही डोळे शाबूत. तुझा हात ब्रशसकट. मी त्यात नाही. फोटो मी काढला असणार. त्यांना दाखवता येत नाही, म्हणून काय काय दिसतं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, कासव हाय काय? नाही म्हटलं.

मैना

सोमवार, १५ डिसेंबर २०२५

प्रिय आरोही,

तुझं उत्तर आलं नाही. आता मी दिवस मोजत नाही. बारा नोव्हेंबरचं माझं पत्र तुला मिळालं असेल, आणि त्यानंतर तुला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर तुझं काही चुकलं नाही. फोन नंबर शोधून काढता आला असता. पण चार वर्षांनी पहिल्यांदा बोलायचं आणि हे बोलायचं, धीर झाला नाही. खोटं कशाला सांगू, सकाळी चहा करताना मी तुझ्याशी बोलते. घरात दोघं असतो आणि दोघंही गप्प असतो.

संपादकांना लिहून पहिलं पत्र थांबवायला सांगितलं. ते जानेवारीअखेर थांबायला तयार आहेत. नवी दुरुस्ती सोबत जोडली आहे. त्यात पाहणीच्या खुणा खोट्या होत्या आणि त्या मी केल्या, असं माझ्या नावानिशी आहे. कॉलेजात प्राचार्यांनाही सांगितलं. ते म्हणाले बघू, आणि मग माझ्याकडे बघितलं नाही. बाबांचं नाव घातलंय, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. डाव्या बाजूला रुंद समास सोडलाय. तुला जे लिहायचं असेल ते तिथे लिही, शिव्याही चालतील. तुझी सही आली तरच जाईल. या वेळी मी थांबते.

आज सोमवार. बाबा म्हणाले, मी पन येतो. वाट मी साफ केली आहे, तरी पन्नास पावलांना आम्हाला दहा मिनिटं लागली. ते काठाला टेकून उभे राहिले आणि मी दोर सोडला. वजन पाण्याला लागलं तो आवाज मला ऐकू आला नाही, त्यांना आला. म्हणाले, "लागला." दोन्ही बाणांपासून माप घेतलं. हिरव्यापासून तीन मीटर एकोणसत्तर. लालपासून तीन मीटर बारा.

मग मी त्यांना ते वाक्य सांगितलं. मराठीत, न गाळता. स्थानिक निरीक्षकाने कळवले नाही.

त्यांच्या हाताखालचा हिरवा बाण त्यांनी अंगठ्याने चाचपला. मला वाटलं रडतील, किंवा रागावतील, आणि दोन्हीपैकी काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "तसा लिवलास तू?"

"हो."

"आनी आता?"

"आता खोडला. माजा नाव लिवला."

"गुहागरची काय बोल्ली?"

"काय नाय अजून."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तिला जाडा कागद लाव. पावसात पोचला पायजे." मग विचारलं, "वही आनलीस?"

आणली होती. वेळ लिहिली, खोली लिहिली, दोन्ही आकडे. वही मिटणार होते, तर त्यांनी हात पुढे करून पान चाचपलं आणि उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं. दिसत नाही त्यांना, पण रकाना बरोबर सापडला.

"शेरा ऱ्हायला," ते म्हणाले. "लिव."

मी पेन धरलं. त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्या जुन्या टपालखात्याच्या भाषेत लिहिलं, आणि तुझ्यासाठी इथे उतरवते:

१५ डिसेंबर २०२५. मैनास कळवले.

तुझी,
मैना